कला ठेवली, कलावंतीण वगळली

जपानमधील गेशा ही कलावंत होती आणि लखनौची तवायफ ही फार तर सुरेल गळ्याची वेश्या होती, असे विधान मराठी लेखनात आणि व्याख्यानांत इतक्या बिनदिक्कतपणे केले जाते की त्याला पुरावा मागणे हाच औचित्यभंग वाटावा. त्याच्या पाठोपाठ आणखी दोन विधाने येतात. जपानी समाजाला आपल्या कलेची किंमत कळत होती म्हणून गेशा टिकली, हे पहिले. आणि आपल्याकडे कोठ्यावरचे संगीत पार नासले होते, त्याला विष्णू नारायण भातखंडे आणि विष्णू दिगंबर पलुस्कर या दोघा मराठी माणसांनी तेथून सोडवून आणले व कोठा मात्र आपल्या कर्माने बुडाला, हे दुसरे. या मांडणीत मराठी वाचकाला दुहेरी समाधान मिळते, कारण परक्या संस्कृतीचे कौतुक केल्याचा उदारपणाही पदरी पडतो आणि उद्धारकर्ते आपलेच निघाल्याचा अभिमानही मिरवता येतो. मात्र क्योतो आणि लखनौ या दोन शहरांत एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत प्रत्यक्ष काय घडले ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर फरक स्त्रियांच्या चारित्र्यात किंवा कलेच्या प्रतीत सापडत नाही. तो सापडतो नोंदवहीत, शाळेत आणि कायद्यात, म्हणजेच त्या स्त्रियांच्या भोवती इतरांनी जी व्यवस्था उभारली किंवा मोडली तिच्यात.

लखनौत वास्तव्य असलेला मराठी समाजही या समजुतीपासून मुक्त नाही. चारबाग स्थानकातून कानपूरकडे निघालेली गाडी शहराची हद्द सोडण्यापूर्वीच मानक नगर हे छोटे स्थानक ओलांडते. १९५७ साली दोन जुन्या कार्यालयांच्या एकत्रीकरणातून स्थापन झालेल्या रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटनेचे मुख्यालय येथे आहे आणि त्याभोवती वसलेल्या वसाहतीत देशाच्या सर्व प्रांतांतले अभियंते बदलीवर येऊन राहतात. अशा वसाहतीतल्या एखाद्या मराठी कुटुंबाला मुलीला कथक किंवा गाणे रीतसर शिकवावे असे वाटले, तर पावले स्वाभाविकपणे कैसरबागेकडे वळतात, कारण तेथे भातखंड्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे आणि त्या नावात घरचा ओलावा आहे. १९२६ साली राय उमानाथ बली यांच्या पुढाकाराने आणि भातखंड्यांच्या योजनेनुसार ही संस्था मॅरिस कॉलेज या नावाने सुरू झाली. संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव तिला दिले गेले होते. पुढे जवळजवळ तीन दशके श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे तिचे प्राचार्य होते. १९६६ मध्ये राज्य सरकारने ती ताब्यात घेऊन तिला भातखंड्यांचे नाव दिले. हा सर्व तपशील अभिमानाने सांगितला जातो. ज्या वास्तूत हे विद्यापीठ भरते तिचे नाव परीखाना आहे, याचा उल्लेख मात्र इमारतीच्या सौंदर्यापुरताच होतो.

परीखाना म्हणजे अवधचा अखेरचा नवाब वाजिद अली शाह (कारकीर्द १८४७ ते १८५६) याने उभी केलेली स्त्रियांची नृत्य-संगीत शाळा. तेथे आणलेल्या मुलींना ‘परी’ म्हणत, त्यांना उस्ताद नेमून दिलेले असत आणि शिकून तयार झालेल्या परींचे सादरीकरण दरबारात होई. १८५७ च्या उठावात लखनौचे नेतृत्व करणारी बेगम हजरत महल ही तेथूनच पुढे आलेली होती. नवाबाच्या मर्जीवर चालणारी ही शाळा आदर्श होती असे म्हणण्याचे कारण नाही, कारण मुलींची निवड, त्यांचे लग्न आणि त्यांची रवानगी या तिन्ही गोष्टी एकाच पुरुषाच्या हाती होत्या. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही: भातखंड्यांच्या संस्थेच्या फार पूर्वी त्याच भिंतींच्या आत स्त्रियांना संगीताचे शिक्षण दिले जात होते. तेव्हा लखनौत शिक्षणाची परंपरा नव्हती, ती बाहेरून आणावी लागली, हे म्हणणे खुद्द त्या इमारतीच्या पायरीवरच अडखळते.

आता गेशा म्हणजे काय ते पाहू. गेशांचा पेशा सुरू झाला तो पुरुषांपासून. सतराव्या शतकाच्या अखेरीस मेजवान्यांत विनोद, गाणे आणि ढोलवादन करणाऱ्या पुरुषांना हे नाव होते आणि अठराव्या शतकाच्या मध्यापासून स्त्रिया या धंद्यात येऊन काही दशकांत त्यांनी तो व्यापून टाकला. क्योतोमध्ये प्रौढ गेशेला गेइको आणि उमेदवारी करणाऱ्या मुलीला माइको म्हणतात. मुलगी ज्या घरात राहते ते ओकिया, आणि पाहुण्यांची मैफल जेथे भरते ते ओचाया, म्हणजे चहाघर. ओकियाच्या मालकिणीला सर्व मुली आई म्हणतात आणि आपल्या आधी आलेल्या प्रत्येकीला थोरली बहीण. पहिले वर्षभर घरकाम आणि प्राथमिक धडे; मग महिनाभर एका ठरावीक चहाघरात कोपऱ्यात बसून थोरल्यांचे वागणे केवळ पाहायचे; मग एका थोरल्या बहिणीशी मद्याच्या घोटांनी नाते जोडून, तिच्या नावातील एखादे अक्षर स्वतःच्या नावात घेऊन पदार्पण करायचे, ज्याला मिसेदाशी म्हणतात. पदार्पणानंतरच्या पहिल्या वर्षी माइकोचा केवळ खालचा ओठ रंगवलेला असतो आणि विशीच्या आसपास तिच्या गळपट्टीचा लाल रंग जाऊन पांढरा येतो, तेव्हा ती गेइको होते. जाणता पाहुणा तोंडाने काही न विचारता ओठ, गळपट्टी आणि केसांची ठेवण पाहून समोरची मुलगी शिक्षणाच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखतो. शामिसेन हे तीन तारांचे वाद्य, गायन, छोटे-मोठे ढोल, चहाविधी आणि नृत्य यांचे धडे गेइको झाल्यावरही चालू राहतात, आणि गिओन कोबू या सर्वांत प्रतिष्ठित मोहल्ल्यात इनोउए घराण्याखेरीज दुसऱ्या शैलीचे नृत्य चालत नाही.

यातली शिस्त पाहून जो मराठी वाचक थक्क होतो, त्याने लखनौच्या चौक या भागातील कोठ्याचा दिनक्रमही त्याच बारकाईने पाहायला हवा. कोठ्याची प्रमुख चौधराइन. तिच्या हाताखाली नायिका. मुलींना सातव्या-आठव्या वर्षापासून गाण्याची तालीम देणारे उस्ताद. सारंगी आणि तबल्यावर बसणारे साजिंदे, ज्यांच्या पिढ्या त्याच घराशी बांधलेल्या असत. आणि फारसी-उर्दू शिकवायला येणारे मौलवी. मिर्झा हादी रुसवा यांच्या १८९९ मधील ‘उमराव जान अदा’ या कादंबरीत खानमच्या कोठ्याचे जे वर्णन येते त्यात मौलवी आणि उस्ताद हे दोघेही मुलींच्या दिवसाचे नियमित घटक आहेत, आणि नायिका स्वतः कवयित्री आहे. सर्व स्त्रियांना एकाच मापाने मोजण्याची सवय नंतरची आहे. लखनौच्या समाजात सर्वांत प्रतिष्ठित मानली जाणारी डेरेदार तवायफ, डोमनी, खानगी आणि बाजारात बसणारी स्त्री यांच्यातला भेद काटेकोर होता आणि डेरेदार तवायफेच्या घरी सभ्यतेचे धडे गिरवण्यासाठी खानदानी मुलगे पाठवले जात, असे अब्दुल हलीम शरर यांच्यासारख्या जुन्या लखनौच्या इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे. शरर यांना त्याचा संकोचही वाटतो, हे त्यांच्या साक्षीचे मोल वाढवणारे आहे.

तालमीचा कस कळण्यासाठी ठुमरीचे एकच अंग पुरेसे आहे. तवायफ बसून गात असे. ठुमरीच्या एका ओळीतला एखादा शब्द घेऊन तो प्रत्येक वेळी वेगळ्या स्वरसंगतीने सजवायचा, याला बोलबनाव म्हणतात. आणि तो शब्द गाताना जागेवरून न उठता, केवळ नजर, भुवई, मान आणि मनगट यांच्या हालचालीने त्याचा नवा अर्थ दाखवायचा, याला भाव बताना म्हणतात. तक्रार, विनवणी, थट्टा, रुसवा आणि धास्ती असे पाच अर्थ एकाच ओळीतून निघाले पाहिजेत, त्यातला एकही आधीच्याची पुनरावृत्ती वाटता कामा नये, आणि हे सर्व चालू असताना ताल सांभाळून शेवटी द्रुत लग्गीत तबल्याला मोकळे सोडून बरोबर समेवर परत यायचे. बिंदादीन महाराज आणि कालकाप्रसाद या बंधूंची नावे लखनौ घराण्याच्या कथकाचे जनक म्हणून घेतली जातात आणि ती योग्यच आहेत. पण त्यांच्या शिष्यवर्गाचा मोठा भाग तवायफांचा होता आणि ही अदाकारी लोकांपुढे नेणाऱ्या त्याच होत्या. घराण्याची वंशावळ मात्र पित्याकडून पुत्राकडेच काढली जाते. त्यात त्या स्त्रियांना जागा नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, कला कितीही उच्च असली तरी तवायफ देह विकत होती आणि गेशा विकत नव्हती. आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग भाबडा आहे. १७७९ साली एदोमधील, म्हणजे आजच्या तोक्योमधील, योशिवारा या परवानाधारक मोहल्ल्यात गेशांसाठी केनबान नावाचे नोंदणी कार्यालय सुरू झाले आणि तेथील गेशांना देहविक्रयाची मनाई झाली. पण ती मनाई नीतीपेक्षा मोहल्ल्यातील वेश्यांचे गिऱ्हाईक फुटू नये या हिशेबातून आलेली होती. अन्यत्र परिस्थिती जागोजागी वेगळी होती. गरीब आईबाप आगाऊ रक्कम घेऊन मुलगी ओकियाला देत आणि ती रक्कम, कपडे, शिक्षण हे सर्व तिच्या नावावर कर्ज म्हणून चढत असे. माइकोच्या कौमार्यभंगाचा सौदा, ज्याला मिझुआगे म्हणत, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालत होता, आणि कोठ्यावरील नथ उतराई या प्रथेपासून त्याचे वेगळेपण शोधून काढणे अवघड आहे. आर्थर गोल्डन यांच्या १९९७ मधील कादंबरीने या प्रथेचे भडक चित्रण केले, तेव्हा त्यांना मुलाखती देणाऱ्या मिनेको इवासाकी या गिओनच्या माजी गेइकोने लेखकावर दावा लावला आणि स्वतःचे आत्मकथन लिहिले. तो दावा २००३ मध्ये तडजोडीने मिटला. इवासाकी यांचा संताप रास्त होता, परंतु प्रथा अस्तित्वात नव्हती असा त्याचा अर्थ होत नाही. २०२२ साली एका माजी माइकोने अल्पवयात मद्य पाजले जाण्यासारखे आरोप जाहीरपणे केले, तेव्हा आजचे क्योतोही पूर्ण सोवळे नाही हे जपानी वाचकांनाच पुन्हा आठवले. तात्पर्य, जो निकष लावून तवायफ बाद केली जाते तोच निकष प्रामाणिकपणे लावला तर गेशाही बाद होते. एकीला माफी आणि दुसरीला शिक्षा, हा न्याय अंतरामुळे सुचलेला आहे. दूरचे डोंगर साजरे म्हणतात ते येथे शब्दशः लागू पडते.

उलट बाजूचाही एक अतिरेक आहे आणि त्याला येथे आश्रय मिळू नये. तवायफ ही काळाच्या पुढची मुक्त स्त्री होती, तिचा कोठा म्हणजे स्त्रीराज्य होते, असे अलीकडे उत्साहाने लिहिले जाते. मालमत्ता मुलींकडे जात होती, मुलीचा जन्म साजरा होत होता, हे खरे. परंतु पळवून आणून विकलेल्या मुलीही त्याच घरात वाढत होत्या, आणि रुसवांची उमराव ही तशीच एक मुलगी आहे. तिला निवड विचारली गेली नव्हती.

मग फरक कोठे पडला? त्याचे उत्तर दोन सालांत आहे. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले आणि लखनौने दरबार गमावला. १८६९ मध्ये सम्राट तोक्योला गेला आणि क्योतोने राजधानीपण गमावले. दोन्ही शहरांवर एकच संकट होते, आणि दोन्ही शहरांतील कलावंत स्त्रिया शहराच्या वैभवावर अवलंबून होत्या. क्योतोचे प्रशासक माकिमुरा मासानाओ यांनी शहर सावरण्यासाठी प्रदर्शन भरवायचे ठरवले आणि १८७२ मध्ये त्या प्रदर्शनाचा भाग म्हणून गिओनच्या गेइको व माइकोंचे सार्वजनिक नृत्य रंगमंचावर आणले. मियाको ओदोरी नावाचा हा वसंतोत्सव युद्धकाळासारखे काही खंड वगळता आजपर्यंत चालू आहे. नृत्ये बसवण्याचे काम तिसऱ्या इनोउए याचियो यांच्याकडे, म्हणजे त्याच मोहल्ल्याच्या एका नृत्यगुरू स्त्रीकडे, सोपवले गेले. त्याच वर्षी जपान सरकारने वेश्या व गेशा यांना कर्जबंधनातून मुक्त करणारा हुकूम काढला, आणि तो अंमलात कितीही लंगडा ठरला तरी त्यानंतर गिओनमध्ये स्त्रियांना हस्तकौशल्य, अक्षरओळख आणि कला शिकवणारी संस्था उभी राहिली, जिचा वारसा सांगणारी शाळा आजही तेथील माइकोंना शिकवते.

लखनौत त्याच सुमाराला काय चालले होते, ते वीणा तलवार ओल्डनबर्ग यांनी शहराच्या दप्तरातून बाहेर काढले आहे. १८५८ ते १८७७ या काळातील कराच्या वह्यांत नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रिया सर्वांत वरच्या करगटात आढळतात, शहरातील सर्वाधिक व्यक्तिगत उत्पन्न त्यांच्या नावावर आहे. आणि उठावात सामील झाल्याबद्दल ज्यांची मालमत्ता जप्त झाली त्यांच्या याद्यांतही याच स्त्रियांची घरे आणि बागा आहेत. इंग्रजी सत्तेने यांच्याकडे प्रथम बंडखोर म्हणून, मग करदाते म्हणून आणि अखेरीस रोगाचे घर म्हणून पाहिले. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा यांनी गोऱ्या शिपायांच्या आरोग्यासाठी स्त्रियांची नोंदणी आणि वैद्यकीय तपासणी सक्तीची केली, आणि त्या नोंदवहीत डेरेदार तवायफ आणि छावणीच्या बाजारातली स्त्री यांच्यातला भेद पाहता पाहता पुसला गेला. योशिवाराच्या नोंदवहीने कलावंत स्त्रीला वेश्येपासून वेगळे काढले. लखनौच्या नोंदवहीने तिला वेश्येत मिसळून टाकले. पुढच्या पिढीतल्या इंग्रजी शिकलेल्या हिंदुस्थानी सुधारकाने कोठ्याकडे पाहिले तेव्हा त्याच्या हाती हीच दुसरी वही होती, आणि तीत लिहिलेले त्याने ईश्वरी सत्य मानले.

आता भातखंड्यांकडे वळणे भाग आहे, आणि येथे सावधगिरी हवी, कारण त्यांच्यावर एकतर्फी खटला चालवणे हा उद्धारकथेइतकाच उथळ उद्योग ठरेल. १८६० साली मुंबईत वाळकेश्वर येथे जन्मलेल्या या वकिलाने स्वतःचा पैसा आणि आयुष्य खर्चून देशभर प्रवास केला, घराण्यांच्या बंद पेट्यांतून हजारो बंदिशी मिळवल्या, त्यांना स्वरलिपीत उतरवले, दहा थाटांची वर्गवारी केली आणि हे सर्व ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ व ‘क्रमिक पुस्तकमालिका’ या ग्रंथांतून प्रथम मराठीत मांडले. मध्यमवर्गीय घरातील मुलगी आज बदनामीच्या भीतीवाचून गाणे शिकते, यात त्यांच्या संस्थेचा वाटा निर्विवाद आहे. वाद आहे तो संगीत नासले होते या गृहीतकाशी. नासलेले संगीत पुस्तकात उतरवण्याच्या लायकीचे कसे ठरले, हा प्रश्न उद्धारकथा सांगणारे विचारत नाहीत. भातखंड्यांना बंदिशी देणाऱ्या उस्तादांपैकी कितीतरी जणांचे घर कोठ्यावरच्या तालमीवर चालत होते, आणि कोठ्याने पोसले नसते तर दरबार बुडाल्यानंतरच्या पन्नास वर्षांत त्यांची विद्या कोणी पोसली असती, याचेही उत्तर मिळत नाही.

या गृहीतकाची खूण पाठ्यपुस्तकांतही उरली आहे. भातखंडे-परंपरेच्या पुस्तकांत पिलू, खमाज, काफी, झिंझोटी अशा रागांची प्रकृती चंचल किंवा क्षुद्र म्हणून सांगितली जाते आणि त्यांत ख्याल फारसा गात नाहीत, ठुमरी-दादरा गातात, असे परीक्षेच्या उत्तरात लिहून आजही गुण मिळतात. क्षुद्र ठरवलेले हे राग नेमके कोठ्यावरचे राग आहेत. ज्या अंगात स्त्रियांनी प्रावीण्य मिळवले ते अंग शास्त्राच्या उतरंडीत तळाला गेले, आणि मग स्त्रियांनी शास्त्रात काही भर घातली नाही असे म्हणण्याची सोय झाली.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाने हा निर्णय केव्हाच खोटा ठरवलेला आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात पहिल्या व्यापारी तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण झाले तेव्हा यंत्राच्या कर्ण्यापुढे उभी राहिली ती गौहर जान. अनेक उस्ताद आपली विद्या चोरीला जाईल म्हणून यंत्राला हात लावू देत नव्हते आणि घरंदाज स्त्री गाणारच नव्हती. आग्र्याच्या जोहराबाईंच्या तबकड्या ऐकून फैयाज खाँ यांच्यासारखे गवई प्रभावित झाले हे सर्वश्रुत आहे, आणि जोहराबाई ख्याल गात होत्या. म्हणजे शास्त्राच्या ज्या वरच्या मजल्यावर या स्त्रियांना प्रवेश नव्हता असे सांगितले जाते, तेथे त्या आधीपासून राहत होत्या.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हे प्रकरण सरकारी झाले. १९४६ मध्ये माहिती व नभोवाणी खाते सांभाळताना वल्लभभाई पटेल यांनी, ज्यांचे खासगी जीवन लोकांत बदनाम आहे अशा व्यक्तींना आकाशवाणीवर गाऊ देऊ नये असा आदेश काढला. तो आदेश पुरुषांनाही शब्दशः लागू होता, परंतु एखाद्या उस्तादाचे खासगी जीवन तपासले गेल्याचे कोणी ऐकलेले नाही. १९५२ ते १९६२ या काळात हे खाते पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होते. त्यांनी कलावंतांची चाचणी घेण्याची पद्धत आणली आणि चाचणी मंडळाचे नेतृत्व लखनौच्या रातंजनकरांकडे दिले. गाण्याबरोबर रागशास्त्राचे प्रश्न विचारणाऱ्या या चाचणीविरुद्ध नामांकित गवयांनीही गिल्ला केला, मग कोठ्यावरून आलेल्या आणि पुस्तकी परिभाषा न शिकलेल्या गायिकेचे काय झाले असेल हे सांगावे लागू नये. नभोवाणी हा त्या काळातला सर्वांत मोठा आश्रयदाता होता, म्हणून हे दार बंद होणे म्हणजे पोटावर पाय येणे होते.

अख्तरीबाई फैजाबादी यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी उलट्या अर्थाने दिले जाते: पाहा, गुण असेल तर समाज स्वीकारतो. १९१४ मध्ये फैजाबादला जन्मलेल्या अख्तरीबाईंनी १९४५ मध्ये लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी लग्न केले, काही वर्षे गाणे सोडले, आणि परत आल्या त्या बेगम अख्तर म्हणून. गळा तोच, तालीम तीच, गझल तीच. पद्मश्री, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि भातखंड्यांच्या महाविद्यालयात शिकवण्याचा मान ही सर्व प्राप्ती ‘बाई’ची ‘बेगम’ झाल्यानंतरची आहे. ज्यांना बॅरिस्टर मिळाला नाही त्यांच्या गुणांचे काय झाले, ते हे उदाहरण देणाऱ्यांनी सांगावे.

कायद्याच्या पातळीवर जपान आणि भारत यांची तुलना तर जवळजवळ प्रयोगशाळेत मांडल्यासारखी आहे. १९५६ या एकाच वर्षी दोन्ही देशांनी वेश्याव्यवसायाविरुद्ध कायदे केले आणि १९५८ च्या वसंतात दोन्हींचा पूर्ण अंमल सुरू झाला: जपानमध्ये शिक्षेची कलमे १ एप्रिलला लागू झाली, भारतात स्त्रिया व मुलींच्या अनैतिक व्यापाराच्या दमनाचा कायदा १ मे रोजी. जपानमध्ये योशिवाराची वेश्यागृहे बंद पडली, पण गेशांचे मोहल्ले उघडे राहिले, कारण केनबानची नोंद, शाळा आणि दरवर्षीचे रंगमंचीय नृत्य यांमुळे त्यांचा धंदा कलेचा आहे हे कागदावर सिद्ध होते. इतकेच नव्हे तर १९५५ मध्ये चौथ्या इनोउए याचियो यांना सांस्कृतिक वारशाच्या कायद्याखाली जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवले गेले होते. भारतात तवायफेच्या हाती असा कागद नव्हता. उत्तर प्रदेशात कायदा लागू झाला त्याच दिवशी हुस्नाबाई नावाच्या स्त्रीने अलाहाबाद उच्च न्यायालयात धाव घेऊन आपल्याला व्यवसायाचा घटनादत्त हक्क असल्याचा दावा केला, आणि तो निष्फळ ठरला. चौकातील कोठ्यांच्या दृष्टीने गाणे आणि देह यांच्यात रेषा ओढण्याचे काम पोलिसाच्या मर्जीवर राहिले. जपानमध्येही ऱ्हास झालाच; १९२० च्या दशकात ज्यांची संख्या ऐंशी हजारांच्या घरात सांगितली जाते त्या गेशा आज अगदी थोड्या उरल्या आहेत. पण त्यांना गिऱ्हाईक सोडून गेले. तवायफांना कायदा आणि सुधारणा यांनी मिळून बाहेर काढले. दोन्ही ऱ्हासांना एकच नाव देणे गैर आहे.

हा उत्तरेचा प्रश्न आहे, महाराष्ट्राचा त्याच्याशी संबंध केवळ उद्धारकर्त्यांपुरता, असे कोणी म्हणेल तर त्याला गोव्याकडे पाहावे लागेल. मराठी माणूस ज्या गायकीचा अभिमान बाळगतो तिचे शिखर केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी गाठले, आणि दोघीही देवळांशी बांधलेल्या कलावंत समाजातून आल्या होत्या. त्याच समाजात मुळे असलेल्या, भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांना १९५८ मध्ये, म्हणजे कोठ्यांवर कायदा लागू झाला त्याच वर्षी, संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, आणि कुमार गंधर्व व किशोरी आमोणकर यांनी त्यांच्याकडून तालीम घेतलेली. गोव्याच्या या समाजाने स्वतः संघटित होऊन, शिक्षण घेऊन, गोमंतक मराठा समाज हे नाव धारण करून जुना पेशा सोडला आणि राजाराम पैंगीणकरांसारख्यांनी त्याची कहाणी स्वतः लिहिली. ही सुधारणा आतून झाली, म्हणून तिच्यात कला आणि माणसे दोन्ही वाचली, जरी त्यासाठी आज्यांच्या पूर्वायुष्याबद्दल घरोघरी मौन पाळावे लागले. लखनौत सुधारक बाहेरचे होते. त्यांना माणसे वाचवायची नव्हतीच.

घाटावर गोष्ट आणखी ताजी आहे. चौफुल्याच्या कला केंद्रांत आजही संगीतबारी चालते. बैठकीची लावणी म्हणणारी स्त्री गाद्यांवर बसून, एका ओळीवर नजरेने आणि हाताने अदा करते, ढोलकीवाला आणि पेटीवाला तिच्या इशाऱ्यावर थांबतात, आणि ठुमरीच्या भावाशी तिचे नाते जाणकाराला लगेच कळते. राज्य सरकार विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते, मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी लावणीचे शिक्षण देते, यमुनाबाई वाईकर यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि त्याच राज्याने २००५ मध्ये बारमधल्या नृत्यावर बंदी घातली, जिचा फटका बेडिया, नट अशा पिढीजात नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतल्या असंख्य स्त्रियांना बसला. त्या कायद्याचे दुसरे कलम मात्र तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट देत होते: परमिट रूममध्ये जे नृत्य अनैतिक, तेच वातानुकूलित दालनात निर्दोष. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा भेद टिकणारा नाही असे सांगून बंदी रद्द ठरवली, तर विधिमंडळाने २०१४ मध्ये सूट काढून टाकून तीच बंदी पुन्हा आणली आणि २०१६ मध्ये अटींचे नवे जाळे विणले, ज्यातल्या अनेक अटी २०१९ मध्ये न्यायालयाला पुन्हा मोडाव्या लागल्या. एवढ्या खटपटीत नाचणाऱ्या स्त्रियांसाठी केनबानसारखी नोंदणी, शाळा किंवा त्यांच्याच हाती असलेली संस्था उभारावी, असा एकही प्रस्ताव सरकार पक्षाकडून आला नाही. गेशेचे कौतुक करणाऱ्या मराठी लेखकांनीही तो सुचवला नाही.